एका वेळी एकच साडी

आक्का, परवा तुझी शोकसभा झाली. तुझ्याच शाळेच्या हॉलमध्ये. तू असतीस तर मी चपला काढायच्या आत विचारलं असतंस, "किती स्लाईडी दाखवलास रं?" गर्दी किती होती, कोण आलं, कोण रडलं, ते सगळं मागनं. आधी आकडा. सांगतो गं. पण माझ्या सवयीनं सांगणार, लांबण लावून. आता मधेच हात वर करून "साकु, साकु" म्हणायला तू नाहीस. कानडीतलं ते एवढंसं 'पुरे' तू माझ्यावर जितक्या वेळा फेकलंस, तितक्या वेळा वर्गातल्या कुठल्या द्वाड पोरावरसुद्धा फेकलं नसशील.

आपल्या खासबागच्या घरात बसून लिहितोय. दुपार आहे. कौलातल्या काचेतून ऊन खाली उतरलंय, बरोबर आप्पांचा हातमाग असायचा त्या जागेवर. माग मोडून किती वर्षं झाली, पण त्या उन्हात बारीक सूत तरंगताना मला अजून दिसतं. तू म्हणायचीस, "सूत कुठलं आलंय, धूळ हाय ती. झाडू घे." बरं बाई, धूळ. पण आज मी झाडू घेणार नाही. शेजारच्या घरातले यंत्रमाग चालू आहेत, आणि त्या आवाजात डोळे मिटले की तू आत चहाला आधण ठेवते आहेस असं वाटतं. मघाशी मी हाकसुद्धा मारली. मग एकटाच ओशाळलो.

तेराव्याला हेडमास्तर आले होते. आता त्या खुर्चीवर तुझाच विद्यार्थी बसतो. म्हणाले, "तुम्ही कंपनीत प्रेझेंटेशन करता म्हणे. बाईंवर दहा मिनिटांचं करा की." मी हो म्हणालो. नाही म्हणायचं कसं, तेच सुचलं नाही. तुझ्यावर स्लाईडी करायच्या, आणि त्या बघायला तू नाहीस. दार लावून मी पंख्याखाली बसलो आणि लहानपणासारखं रडलो, तुला खोटं कशाला सांगू.

चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते, हे घरात फक्त तुला ठाऊक होतं. उद्यमबागेतल्या फौंड्रीत क्वालिटी खात्यात मी साहेब झालो आणि साहेब झाल्यावर बोलणं आलं. मग मी युक्ती काढली. बोलायचं ते सगळं स्लाईडवर लिहून काढायचं, पडद्याकडं तोंड करायचं आणि वाचत सुटायचं. लोकांना माझी पाठ दिसायची. कॉलर मात्र कडक इस्त्रीची.

त्यात आपल्या सीमेवरच्या गावची आणखी एक तऱ्हा. कामगारांपुढं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा विषय होता, ओतलेल्या मालात भोकं का पडतात. मी मराठीत लिहिलं. मग वाटलं, कानडी माणसं काय म्हणतील? खाली कानडी घातलं. मोठे साहेब बसणार, म्हणून इंग्रजी. भट्टीवर बाहेरून आलेली चौघं, त्यांच्यासाठी हिंदी. एकेका स्लाईडवर चार-चार भाषा, अशा तीस स्लाईडी, आणि अक्षरं मुंग्यांएवढी. एवढं करूनही जेवणाच्या सुट्टीत एकानं विचारलंच, मराठी वर का म्हणून. दुसऱ्या पाळीला मी कानडी वर घेतलं, तर येळ्ळूरचा मारुती दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ही चूक जगात आणखी कोण करत असेल? आपल्याकडं मात्र कुणाचं मन दुखवायला नको म्हणून माणूस पडदा भरत सुटतो आणि शेवटी कुणालाच काही दिसत नाही.

तू ते ऐकून हसून हसून खाली बसलीस. डोळे पुसत म्हणालीस, "अरं, मग लिहूच नको की. भोक दाखव. भोकाला कसली आलीय भाषा? आणि तोंडानं बोल, ज्याला जी कळती तिच्यात. चार भाषा येत्यात न्हवं तुला? त्या काय स्लाईडीत कोंबायला शिकलास?"

तिथून आपले रविवार सुरू झाले. मी ऑफिसातला छोटा प्रोजेक्टर घेऊन यायचो. तू आप्पांचं पांढरं धोतर खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणून बांधायचीस. मग स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकायचीस आणि मुद्दाम चष्मा काढून मांडीवर ठेवायचीस. "मी शेवटच्या बाकावरची पोरगी. मला दिसलं तर ऱ्हाऊ दे, न्हाय दिसलं तर काढ." वाऱ्यानं धोतर हलायचं, माझे तक्ते लाटेसारखे वर-खाली व्हायचे. मधेच गॅसवरचे अप्पे उलटायला तू उठायचीस, तेव्हा उजेडातून जाताना माझी सगळी वाक्यं तुझ्या पांढऱ्या केसांवरून, खांद्यावरून घसरत जायची. मला ते फार आवडायचं. एकदाही सांगितलं नाही.

"तू वाचून दाखवायलास रं. वाचाय त्यांस्नी बी येतंय," हे तुझं पालुपद. मी चिडायचो. मग तू आप्पांची गोष्ट काढायचीस, जशी काही मी ती पहिल्यांदाच ऐकतोय.

मी पाळण्यात होतो तेव्हाची गोष्ट. आप्पा साड्यांचं गाठोडं घेऊन येळ्ळूरला जायचे आणि तू त्यांचं बोट धरून. दुसरे विकणारे घरापुढच्या सोप्यावर बसले की दहा साड्या फडाफडा उलगडायचे. आप्पा एकच काढायचे. पदर गुडघ्यावर पसरायचे आणि गप्प बसायचे. बायका म्हणायच्या, "दुसरी दावा की." आप्पा विचारायचे, "ही बघून झाली?" झाली म्हटलं की तिची घडी घालून पाठीमागं ठेवायचे, मगच दुसरी उलगडायचे. तू एकदा वाटेत विचारलंस, असं का? तर म्हणाले, "एकीचा रंग दुसरीवर सांडतोय पोरी. मग एक बी डोळ्यांत ऱ्हात न्हाय."

"एका वेळी एकच साडी," एवढं म्हणून तू माझ्या स्लाईडीवरच्या सात ओळींकडं बोट करायचीस. मी सहा खोडायचो. एक उरायची. कधीकधी तीही तू खोडायला लावायचीस आणि नुसतं चित्र राहायचं.

आणि ते दहा धोटे. प्रश्न विचारला की मला दम निघायचा नाही, उत्तरही मीच देऊन टाकायचो. तू म्हणालीस, "विचारलास की गप्प बस. मनात माग चालव. सूत घेऊन धोटा हिकडनं तिकडं गेला की एक. असं दहा मोज. कोण न कोण बोलतंयच." मी शेजारच्या घराकडं कान लावून मोजायला लागलो, तर पाठीत धपाटा घातलास. "त्यो यंत्रमाग हाय! त्येचे दहा चुटकीसरशी हुत्यात. आप्पांच्या मागाचे मोज, हाताचे." आप्पांचा माग थांबला तेव्हा मी सहावीत होतो. तरी मोजता आले. अंगात कुठंतरी तो आवाज राहिलाच होता.

फौंड्रीत मी तसं केलं. स्लाईड एकच, भोक पडलेल्या तुकड्याचा फोटो, खाली अक्षर नाही. तो तुकडा खराच आणला होता, तो हातोहात फिरवला. विचारलं, हे भोक कुठून आलं? मराठीत विचारलं, कानडीत विचारलं, हिंदीत विचारलं. मग गप्प. एक, दोन, तीन. सहाव्याला मारुतीनं तुकडा उन्हाकडं धरला आणि म्हणाला, "सायेब, साच्याची वाळू वली हुती त्या दिवशी." पाठोपाठ भट्टीवरचा एकजण बोलला, मग साच्यावरचा. अर्धा तास लोक बोलत होते आणि मी नुसता उभा होतो. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "आता अप्पे खायला ये." शाबासकी म्हणून त्या वाक्यात काही नव्हतं, पण मला कळली.

इंग्रजी 'बी'चं बटण तर तू मला अशा थाटात दाखवलं होतंस की जणू तूच ते बसवलंस. शाळेत नवीन प्रोजेक्टर आला होता, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तुझं. बाकीच्यांनी अख्खं पुस्तक पडद्यावर चढवलं आणि तू काय शोधून काढलंस, तर पडदा काळा कसा करायचा! "हे बघ. बी दाबलं की सगळं गायब. परत दाबलं की परत हाजीर. पडदा काळा झाला की माणसं माणसाकडं बघाय लागत्यात." दहा वेळा दाबून दाखवलंस. तुझ्या चेहऱ्यावर उजेड यायचा, जायचा, यायचा. आता डोळे मिटले की तू मला तशीच दिसतेस, मधेच असलेली, मधेच नसलेली.

आता त्या रविवारबद्दल. टाळत होतो, पण तू ओळखलं असशीलच.

सोमवारी कंपनीत बाहेरून मोठी पाहुणेमंडळी येणार होती. मी अठ्ठावीस स्लाईडी घेऊन आलो. फौंड्रीतल्या माणसांसमोर माझी भीड चेपली होती, पण सूट-बूटवाल्यांचं नाव काढलं की पुन्हा तोच मी. तू चष्मा काढून बसलीस, बघितलंस आणि म्हणालीस, "पाच ठेव." मी म्हणालो, हे वेगळे लोक आहेत. तू म्हणालीस, "डोळे दोनच असत्यात त्यांस्नी बी." मी म्हणालो, त्यांना आकडे लागतात. तू म्हणालीस, "मग कागदावर छापून हातात दे. पडद्यामागं लपू नको, रव्या." ते 'लपू नको' मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं. आणि मी बोललो, "तू सगळी वर्षं पोरांसमोर उभी राहिलीस, आक्का. कधीतरी मोठ्या माणसांसमोर उभं राहून दाखव, मग मला शिकव."

तू मांडीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवलास. माझ्याकडं नीट बघितलंस. मग उठून धोतर सोडलंस, त्याची घडी घातलीस, आणि म्हणालीस, "चहा घेऊन जा." मी चहा न घेता गेलो. स्कूटर सुरू करताना मागं वळून बघितलंही नाही. किती मोठा साहेब मी!

सोमवारी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दाखवल्या. दहाव्या स्लाईडीला एकानं घड्याळ बघितलं, पंधरावीला दुसऱ्यानं जांभई दाबली. मी पडद्याकडं तोंड करून वाचत राहिलो. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बाहेर आल्यावर बघितलं, तुझा होता. परत केला नाही. केला असता तर तू विचारलं असतंस, कसं झालं, आणि मला सांगावं लागलं असतं. म्हटलं, उद्या करू. उद्याही केला नाही, राग म्हण नाहीतर लाज म्हण. बुधवारी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. आक्का, मी तुझा फोन परत केला नाही. ह्या एका गोष्टीला मी कुठं ठेवू ते मला कळत नाही.

तर शोकसभेच्या स्लाईडी. मी एकेचाळीस केल्या. हो, एकेचाळीस. ओरडू नको. तुझा जन्म, शिक्षण, नेमणूक, बढती, निवृत्ती, सगळं तारीखवार. मराठीत, कानडीत, इंग्रजीत. कुणी दुखावलं जायला नको ना. खरं सांगू? भीती वाटली म्हणून केल्या. तुझ्याबद्दल बोलताना जीभ चिकटली तर निदान वाचता येईल, एवढाच हिशेब होता.

हॉल भरला होता. मागं भिंतीला टेकून माणसं उभी. खिडक्यांचे जुने हिरवे पडदे ओढलेले, त्यामुळं सगळे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे. पहिली स्लाईड लावली, तुझा फोटो आणि तीन भाषांत नाव. लोक हलले, कुणीतरी हुंदका दिला. दुसरी लावली. मी वळलो आणि वाचायला लागलो, अमुक साली अमुक परीक्षा, तमुक साली तमुक नेमणूक. तिसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका वकिलानं खिशातून फोन काढलेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. आणि आक्का, शपथ सांगतो, हॉलच्या मागच्या दारातून तुझा आवाज आला. "वाचाय त्यांस्नी बी येतंय, रव्या."

मी ओळ अर्धी टाकली आणि बी दाबलं.

सगळं काळं झालं. कुणाला वाटलं लाईट गेली. मग हळूहळू सगळे चेहरे माझ्याकडं वळले, इतके चेहरे, आणि माझ्याजवळ वाचायला काही नव्हतं. मी विचारलं, "बाईंनी तुम्हाला काय दाखवलं होतं?" मराठीत विचारलं, मग कानडीत. आणि गप्प बसलो. आप्पांच्या मागाचा एक. दोन. पाच झाले, कुणी बोलेना. सहा. मला वाटलं, संपलं, आता पडदा परत लावावा. बोट बटणावर गेलंसुद्धा. आठव्याला मागनं कुणीतरी म्हणालं, "लिंबू. लिंबावर घड्याळ चालवलं हुतं बाईंनी."

आणि मग थांबेनात गं. एकजण कानडीत बोलला, तू बकऱ्याचं फुफ्फुस आणून नळीनं फुगवलं होतंस, त्या दिवशी तो जेवला नव्हता. आता तो डॉक्टर आहे. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "रिकामी बरणी. तासभर टेबलावर नुसती ठेवली होती. शेवटी म्हणाल्या, हिच्यात हवा आहे, ती बघायला शिका." तो पुढचा वकील उभा राहिला. फोन खिशात गेला होता. त्यानं मनगट पुढं केलं. टाचणीवर खोचलेली काडेपेटीतली काडी तू त्याच्या नाडीवर ठेवली होतीस आणि ती थरथरत होती. "आपण जिवंत आहोत हे मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं," म्हणाला आणि रुमाल शोधत खाली बसला. केस पिकलेला माणूस, आक्का. विज्ञानाच्या पुस्तकातली व्याख्या कुणालाच आठवत नव्हती. प्रत्येकाजवळ एकेकच वस्तू होती, आणि ती इतकी वर्षं घडी न मोडता ठेवलेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मोठ्या माणसांसमोर उभं राहून दाखव, म्हणालो होतो मी तुला. ही काय होती मग? ही सगळी मोठी माणसंच तर तुझ्यासमोर बाकावर बसलेली होती.

मी ते तिथंच सांगितलं. सगळ्यांसमोर. रविवारी काय बोललो ते, चहा टाकून गेलो ते, फोन परत केला नाही ते. पडदा काळाच होता. जीभ चिकटली नाही. रडलो, थांबलो, परत बोललो. शेवटी म्हणालो, "चुकलो, आक्का." घरी म्हणायचं ते हॉलमध्ये म्हणालो, एवढं सांभाळून घे.

तर आकडा. एकेचाळीस केल्या, दीड दाखवली. दीड, आक्का! तू असतीस तर म्हणाली असतीस, "ती अर्धी तरी कशाला?"

आता ऊन सरकत भिंतीपर्यंत गेलंय. मी आप्पांचं धोतर कपाटातून काढून खुंट्यांना बांधलंय. प्रोजेक्टर आणला नाही, नुसतं धोतर. वाऱ्यानं हलतंय. दाराशी तुझी खुर्ची ठेवलीय.

एकच विचारायचं राहिलंय. सोमवारी दुपारी फोन कशाला केलतीस गं? रागावली होतीस? का कसं झालं ते विचारायचं होतं? का नुसतंच, चहा न घेता गेला म्हणून?

विचारलं. आता गप्प बसतो. शेजारचे यंत्रमाग मोजत नाही, आप्पांचा मोजतोय. एक. दोन.

दहा झाले, आक्का. आणखी थांबतो.